धर्म, सण आणि शेजार: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहल्ल्यातल्या बैठका, कॉलेजातल्या चर्चा आणि गणेशोत्सवाआधीची शांतता समिती, या सगळ्यांत मी बरीच वर्षं बसतो. तिथे आणि फोनवर लोक तेच ते विचारतात, म्हणून ते प्रश्न इथे एकत्र केले. उत्तरांमागे माझं एक मत आहे, ते आधीच सांगतो. आपल्याकडे भांडण श्रद्धेवरून क्वचितच पेटतं. ते रस्ता, वेळ, आवाज, जागा आणि अफवा यांवरून पेटतं, आणि या पाचही गोष्टींवर आधी बसून बोलता येतं. गुन्ह्यांची कलमं भारतीय न्याय संहितेची दिली आहेत. ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे. भारतीय दंड संहितेचे जुने आकडे लोकांच्या तोंडात बसलेले असल्याने तेही सोबत दिले आहेत.

१. सोलापुरात नेमके कुठल्या कुठल्या धर्मांचे लोक राहतात?

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. त्यात साधारण पाचातला एक मुस्लिम. बौद्ध, जैन आणि ख्रिश्चन वस्तीही जुनी आहे. हिंदू म्हणून ज्यांची नोंद होते त्यांच्यातही वीरशैव लिंगायत आहेत, तेलंगणातून विणकामासाठी आलेला पद्मशाली समाज आहे, मराठा, धनगर, मारवाडी आहेत. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. पुढे माणसं कामाच्या ओढीने आली आणि येताना आपापले देव आणि आपापली भाषा घेऊन आली. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. शहराचं ग्रामदैवत सिद्धेश्वर. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शरण, म्हणजे वीरशैव संत, त्यांची वचनं कन्नडात आहेत, आणि त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला येणारी निम्मी गर्दी मराठीत बोलते.

२. सहिष्णुता म्हणजे ‘सगळे धर्म एकच सांगतात’ असं मानायचं का?

नाही, आणि तसं मानायची गरजही नाही. मूर्तिपूजा, देव आहे की नाही, पुनर्जन्म, मांसाहार, या बाबतींत धर्मांची मतं खरोखर वेगळी आहेत. ती पुसून टाकून केलेली मैत्री पहिल्या वादात तुटते. तुमचं मत मला पटत नाही, तरी ते बाळगायचा आणि त्याप्रमाणे वागायचा तुमचा हक्क माझ्याइतकाच आहे, एवढं मान्य केलं की पुरे. संविधानाचं कलम २५ हेच सांगतं: सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य, धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा आहे.

३. चार हुतात्म्यांचं उदाहरण प्रत्येक भाषणात येतं. त्यात खरं किती?

सगळं खरं आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिलं गेलं. त्याआधी मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, इंग्रजांचा अंमल काही दिवस उरला नाही आणि मग इथे मार्शल लॉ लागला. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत.

भाषणात मात्र एक गोष्ट राहून जाते. हे चौघे कुणी ‘ऐक्य दाखवण्यासाठी’ एकत्र आणले नव्हते. बाजार, गिरण्या आणि चळवळ यांमुळे या समाजांची माणसं आधीपासून एकमेकांत मिसळलेली होती. तशा रोजच्या कामाच्या जागा आज किती उरल्या, हा प्रश्न पुतळ्याला हार घालताना विचारायला हवा. दरवर्षी १२ जानेवारीला अभिवादन होतं आणि लगेच सिद्धेश्वर यात्रेची गडबड सुरू होते. दोन्हीकडे तीच माणसं दिसतात.

४. मग सोलापुरात दंगली झाल्या नाहीत का?

झाल्या. ऑक्टोबर २००२ ची दंगल अनेकांना अजून आठवते. तिचं कारण मी तरुणांना मुद्दाम सांगतो. जेरी फॉलवेल नावाच्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने तिथल्या टीव्हीवर पैगंबरांबद्दल अपमानकारक विधान केलं. त्याच्या निषेधात इथे बंद झाला, बंदमध्ये दुकानं बंद करण्यावरून जुंपली, आणि हिंदू-मुसलमान एकमेकांवर धावून गेले. माणसं मेली, संचारबंदी लागली, हातावर पोट असलेल्यांच्या चुली विझल्या. बोलणारा सातासमुद्रापार, त्याचा धर्म तिसराच, आणि काही दिवसांत त्याने माफीही मागितली. मेलेल्यांपैकी कुणाचाही त्या विधानाशी संबंध नव्हता.

५. मिरवणुकीवरूनच एवढी भांडणं का होतात?

कारण मिरवणूक म्हणजे काही तासांपुरता रस्ता आपला होणं. गणपती असो, शिवजयंती असो, ईद-ए-मिलादचा जुलूस असो की १४ एप्रिल, रस्ता तोच आणि अरुंदही तोच. कुठल्या चौकात किती वेळ थांबायचं, प्रार्थनास्थळासमोर वाजवायचं की नाही, गाणं कुठलं लावायचं, गुलाल कुठे उधळायचा, इथेच ठिणगी पडते.

एक बैठक सांगतो. पोलीस ठाण्याचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मार्गाचा नकाशा. मंडळाचे अध्यक्ष म्हणत होते, परंपरेचा मार्ग सोडणार नाही. मशिदीचे विश्वस्त म्हणत होते, मार्ग सोडा असं आम्ही म्हणतच नाही. अर्धा तास दोघे एकाच बाजूने भांडत होते, कारण आधीच्या वर्षाच्या रागात कुणी समोरच्याचं ऐकतच नव्हतं. शेवटी वीज मंडळाच्या माणसाने विचारलं, “तुमचं मंडळ तिथे येणार किती वाजता?” तेव्हा कळलं की मिरवणूक इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजाच्या नेमक्या वेळेला तिथे पोचते. अर्धा तास आधी निघायचं ठरलं आणि विषय संपला. विश्वस्तांनी पाण्याची सोय आपल्याकडे घेतली. त्या दिवसापासून मी प्रत्येक बैठकीत घड्याळाच्या वेळा लिहूनच घेतो. ‘सामंजस्याने घ्यावे’ असं इतिवृत्तात लिहिलं की उपयोग शून्य. ‘रात्री ८ च्या आत चौक ओलांडावा’ असं लिहिलं की ते पाळता येतं.

आवाजाच्या मर्यादेसाठी प्रश्न ७ पाहा.

६. दोन्हीकडचे मोठे सण एकाच दिवशी कसे काय येतात? हे कुणी मुद्दाम करतं का?

मुद्दाम कुणी करत नाही, चंद्र करतो. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की जरा सविस्तर सांगतो.

हिजरी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो आणि आपला अमान्त महिना अमावास्येनंतर. म्हणजे दोन्ही महिने एक-दोन दिवसांच्या फरकाने बरोबरच चालतात. बकरी ईद जिल्हेजच्या १० तारखेला, म्हणून ती नेहमी कुठल्या तरी शुद्ध एकादशीच्या आसपासच पडते. मोहरमचा दहावा दिवसही तसाच. ईद-ए-मिलाद रबिउल अव्वलच्या १२ तारखेला, म्हणजे शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आगेमागे. फरक एवढाच की हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असतं आणि त्यात अधिक महिना धरत नाहीत. त्यामुळे ते सण ऋतूंमधून मागे सरकत जातात. आपल्याकडे अधिक मास आला की जोडी एका महिन्याने बदलते.

आता हिशेब बघा. १० जुलै २०२२ आणि २९ जून २०२३, दोन्ही वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी. मग अधिक श्रावण आला. १७ जुलै २०२४ आणि ६ जुलै २०२५ या दिवशी आषाढीबरोबर मोहरमचा दहावा दिवस. तिकडे २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र, आणि पुढची दोन वर्षं एका दिवसाच्या अंतराने. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने ही जुळणी मोडते. पुन्हा असंच यायला साधारण तीन दशकं जातील.

या चार वर्षांत जे घडलं ते आपल्या जिल्ह्याने अभिमानाने सांगावं असं आहे. २०२३ ला पंढरपुरातल्या मुस्लिम समाजाने एकादशीला कुर्बानी न करण्याचं ठरवलं. राज्यात इतरही अनेक गावांनी तेच केलं. यात धर्माला मुरड घालावी लागली नाही, कारण कुर्बानीला तीन दिवस असतात आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केली तरी चालते. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांनीच मार्ग काढला. २०२३ ला अनेक शहरांत ईदचा जुलूस विसर्जनानंतर एक दिवसाने काढला गेला आणि सरकारने २९ सप्टेंबरची सुट्टी दिली.

७. भोंग्यांचा नियम नक्की काय? तो फक्त मशिदींना आहे का?

सगळ्यांना सारखा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. म्हणजे सकाळी ६ च्या आधीची फजरची अजानही भोंग्याशिवाय आणि काकड आरतीही भोंग्याशिवाय. दिवसा परवानगी घेऊन, मर्यादेत, दोन्ही चालतं. कुठल्याही धर्मात ध्वनिक्षेपकावरून दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं सांगितलेलं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका चर्चच्या प्रकरणात म्हटलं. ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं.

तक्रार ११२ वर करा. स्वतः भोंगा उतरवायला जाऊ नका, आणि त्याला उत्तर म्हणून समोर दुसरा भोंगा लावू नका. डीजेच्या भिंतीपुढे घरात झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो कुठल्या धर्माचा आहे याने काहीच फरक पडत नाही.

८. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अमुक पेठेत मूर्ती फोडली’ असा मेसेज आला तर काय करू?

पुढे पाठवू नका, हे पहिलं. मग त्या पेठेत राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन लावा. विजापूर वेशीचा मेसेज असेल तर विजापूर वेशीतल्याच माणसाला. व्हिडिओ असेल तर दुकानांच्या पाट्यांची भाषा, गाड्यांचे नंबर, पोलिसांचा गणवेश बघा. दुसऱ्या राज्यातला किंवा दुसऱ्या देशातला व्हिडिओ बऱ्याचदा एवढ्यावरच उघडा पडतो. खरं असेल तरी पोलिसांना कळवा, ग्रुपवर टाकू नका.

खोटी माहिती किंवा अफवा करणारा आणि फिरवणारा दोघेही कलम ३५३ मध्ये येतात, जुनं ५०५. दोन समाजांत वैर वाढवणारा मजकूर कलम १९६ मध्ये, जुनं १५३-अ: तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि प्रार्थनास्थळात केलं तर पाच.

९. मी ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी मला पकडतील का?

त्यात तुमचा सहभाग किंवा समान हेतू नसेल तर केवळ अ‍ॅडमिन आहात म्हणून गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरी पोस्ट काढून टाका आणि टाकणाऱ्याला ग्रुपवरच जाहीर बोला. गप्प बसलेला अ‍ॅडमिन कायद्याने सुटेल, पण गल्लीत त्याची मान खाली जाते.

१०. पोरानं रागात काहीतरी स्टेटस ठेवलं. काढलं, माफी मागितली. आता मिटलं ना?

मिटेलच असं नाही. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणं हा कलम २९९ चा गुन्हा, जुनं २९५-अ. हे जुनं कलम १९२७ चं आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, अजामीनपात्र. दोन्ही बाजूंनी आपसात मिटवून तो संपत नाही. गुन्हा रद्द करायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं. हेतू सिद्ध करावा लागतो, नुसत्या अनवधानाने बोललेल्यावर हे कलम टिकत नाही, पण तोवर नोकरी, पासपोर्ट आणि परीक्षा अडकून पडतात. पोराला हे आधी सांगा. माफी तरीही मागायची, कारण ती शेजाऱ्यासाठी असते. आणि दुसऱ्या बाजूच्या जाणत्यांनी ती स्वीकारल्याचं आपल्या लोकांना सांगायचं.

११. प्रसाद किंवा ईदचं जेवण नाकारलं तर ते अपमानास्पद का?

नाकारणं अपमान नाही, नाकारण्याची रीत अपमान असू शकते. लिंगायत आणि जैन घरांत मांसाहार चालत नाही. बरेच मुसलमान देवापुढे ठेवलेला प्रसाद खात नाहीत, कारण त्यांच्या एकेश्वराच्या श्रद्धेला ते बाधक वाटतं. काही शीख हलाल खात नाहीत. हे सगळं जुनं आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. “आमच्यात चालत नाही, पण तुम्ही आठवण ठेवलीत, बरं वाटलं” एवढं म्हणून हात जोडावेत. शीरखुर्म्यात शेवया, दूध, खारीक आणि सुकामेवा असतो, हे मात्र शाकाहारी मंडळींना आवर्जून सांगतो. दिवाळीच्या फराळाबद्दल कुणाला शंका असल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

१२. देवळातही जातो आणि दर्ग्यातही. मग मी नक्की कुठला?

जे मानता ते. नवस बोलायला कुणी दाखला मागत नाही. आपल्या जिल्ह्यात हे फार खोल रुजलेलं आहे. गावोगाव मोहरमला पीर बसतात, पंजांचा मान कित्येक ठिकाणी हिंदू घरांकडे असतो आणि मलिदा सगळ्या गावात वाटला जातो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि तिथे आरती होते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घरोघरी सांगतात: बीदरच्या बादशहाचा अधिकारी दुष्काळात सरकारी कोठारं उघडतो आणि त्याच्यासाठी विठ्ठल महाराचं रूप घेऊन दरबारात धान्याचे पैसे भरतो. इतिहासाचा कस लावून ही कथा कशी ठरेल हा वेगळा विषय. पिढ्यान् पिढ्या लोकांनी तीच कथा लेकरांना सांगायला निवडली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

१३. हे झालं दोन धर्मांचं. आपल्याच धर्मात भेद करतात त्याचं काय?

तो संघर्ष जास्त जुना आणि जास्त क्रूर आहे. चोखामेळ्याची समाधी पंढरपुरात महाद्वाराशी आहे, आणि त्याच्या वारसांना त्या देवळात जाता यावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. जो समाज आपल्यातल्यांना गाभाऱ्याबाहेर ठेवतो, त्याला परधर्मीयांशी बरोबरीने वागणं जड जातं. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने संपवली. ती पाळणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो.

१४. लिंगायत हा वेगळा धर्म आहे का?

समाजात यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसं आहेत. कर्नाटक सरकारने मार्च २०१८ मध्ये अल्पसंख्य धर्माच्या दर्जाची शिफारस केली होती. विवाह आणि वारसा यांच्यापुरता कायदा स्पष्ट आहे: हिंदू विवाह कायद्यात वीरशैव आणि लिंगायत यांचा नावानिशी उल्लेख आहे. सोलापुरात या विषयावर घराघरांत वाद होतात. ते होऊ द्यावेत.

१५. मुलगा-मुलगी वेगळ्या धर्मांचे आहेत. लग्न कसं करायचं? धर्म बदलावा लागतो का?

बदलावा लागत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ याचसाठी आहे. मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असला पाहिजे. नोटीस द्यायची, ३० दिवस हरकतींसाठी, मग नोटिसीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून भरता येते. हरकत वय, आधीचं लग्न, नातेसंबंध अशा कायदेशीर कारणावरच चालते. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत नाही.

इथे एक गंमतीदार नव्हे तर कामाचा अपवाद आहे. जैन मुलगा आणि लिंगायत मुलगी, किंवा बौद्ध आणि हिंदू, हे समाजाला आंतरधर्मीय वाटतं, पण हिंदू विवाह कायदा या सगळ्यांना लागू असल्याने त्यांचं लग्न त्या कायद्यानेही होतं.

वारसा: हिंदू-मुस्लिम किंवा हिंदू-ख्रिश्चन जोडप्याने विशेष विवाह कायद्याने लग्न केलं तर त्यांच्या संपत्तीला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो. शिवाय हिंदू व्यक्ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं धरलं जातं. एकत्र जमीन असेल तर लग्नाआधी वकिलाला भेटा. आणि आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे, पोरांच्या पाठीमागे गर्दी पाठवू नका. सज्ञान व्यक्तींच्या लग्नात जमावाने किंवा पंचायतीने आडवं येणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावलं आहे.

१६. धर्म बदलला तर जात, आरक्षण आणि वडिलांची जमीन यांचं काय होतं?

अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. शिखांना १९५६ पासून, बौद्धांना १९९० पासून. ख्रिश्चन किंवा मुसलमान झालात तर तो जातो. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही.

जमिनीबाबत लोकांचा समज चुकीचा आहे. धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. मात्र धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही, तो नातेवाईक वारला त्या वेळी ती मुलं स्वतः हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटलं आहे. पाऊल उचलण्याआधी त्या वेळचे राज्याचे नियम वकिलाकडून तपासून घ्या.

१७. ‘त्यांच्याकडून खरेदी करू नका’ अशी पत्रकं वाटतात. सामाजिक बहिष्काराचा कायदा लागतो का?

इथे बरेचजण गोंधळतात. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ हा आपल्याच समाजाच्या माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध आहे. आंतरधर्मीय लग्न केलं म्हणून जातपंचायतीने घर बहिष्कृत केलं, तर तो लागतो: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या धर्माच्या दुकानदारांवर बहिष्काराची हाक दिली तर कलम १९६ कडे जावं लागतं, त्यासाठी प्रश्न ८ पाहा. चादरीचा धंदा तरी असा विचार करून बघा: सूत, रंग, माग, शिलाई आणि दुकान यांतला एक हात काढला तर चादर होणार नाही.

१८. धर्म बघून घर भाड्याने देत नाहीत. तक्रार कुठे करू?

दुःखाची गोष्ट आहे, पण खासगी घरमालकाविरुद्ध सरळ कायदा नाही. संविधानाचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव अशा ठिकाणी लागतं. खासगी भाड्याला ते लागत नाही. एका पारशी सोसायटीने सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा उपविधी केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला. म्हणून इथे उपाय ओळखीचाच. घरमालकाला आधीच्या घरमालकाचा फोन नंबर द्या. मी स्वतः कित्येकांसाठी असा फोन केला आहे, आणि बहुतेकदा दार उघडतं.

१९. आमच्याकडच्या जुन्या प्रार्थनास्थळाखाली दुसऱ्या धर्माचं होतं म्हणतात. खटला करता येतो?

प्रार्थनास्थळ कायदा, १९९१ नुसार १५ ऑगस्ट १९४७ रोजी जागेचं जे धार्मिक स्वरूप होतं तेच राहतं. अयोध्या त्यातून वगळली होती. या कायद्याच्या वैधतेवर सुनावणी सुरू असताना सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०२४ रोजी असे नवे दावे नोंदवू नयेत असं सांगितलं. गावातल्या गप्पांवरून कुदळ घेऊन जाणाऱ्यावर कलम २९८ लागतं.

२०. जनावरांची गाडी दिसली तर कार्यकर्त्यांनी अडवावी का?

नाही. महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, बैलांची बंदी २०१५ पासून. गाडी थांबवून तपासायचा अधिकार फौजदार किंवा त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याला आणि शासनाने नेमलेल्या व्यक्तीला आहे. संशय असेल तर नंबर टिपा आणि ११२ ला कळवा. पाच किंवा अधिक जणांनी मिळून समुदाय, श्रद्धा अशा कारणावरून कुणाला ठार मारलं तर कलम १०३(२) खाली प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. बाजारातून बैलजोडी विकत घेऊन घरी निघालेला शेतकरीही रात्री त्याच रस्त्याने येतो.

२१. शाळेत एका धर्माची प्रार्थना म्हणायला लावतात. चालतं का?

पूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय सक्ती करता येत नाही. हे संविधानाचं कलम २८ आहे. आधी मुख्याध्यापकांना शांतपणे लेखी द्या.

२२. दंगलीत दुकान किंवा माग जळाला तर भरपाई मिळते का?

विमा काढताना बघा. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत दंगल, संप आणि दुष्ट हेतूने केलेलं नुकसान साधारणपणे धरलेलं असतं. गाडीची सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर दंगलीतलं नुकसान मिळतं, नुसती थर्ड पार्टी असेल तर नाही. नुकसान झाल्यावर जागा साफ करू नका. आधी फोटो, मग पोलिसांत तक्रार, महसूल खात्याकडून पंचनामा, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवणं. यंत्रमागाच्या खरेदीच्या पावत्या आणि जीएसटीची कागदं फोनमध्ये वेगळी ठेवा, कारण दुकानाबरोबर फाइलही जळते. हद्द कुठल्या ठाण्याची यावरून कुणी परत पाठवलं तर झीरो एफआयआर मागा. तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

२३. इतर शहरांनी काय केलं? शिकण्यासारखं काही आहे?

भिवंडी बघा. तेही यंत्रमागांचं गाव, १९८४ ला तिथे भयंकर दंगल झाली. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांचे साधे लोक, दर काही दिवसांनी भेट, विषय पाणी, गटार, घरगुती भांडणंसुद्धा. १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. सणाच्या तोंडावर एकदा भरणारी समिती आणि वर्षभर भेटणारी समिती यांत हा फरक आहे. आपल्याकडे पहिल्या प्रकारच्या समित्या भरपूर आहेत.

२४. घरच्या ग्रुपवर काका रोज द्वेषाचे मेसेज टाकतात. वडीलधारे आहेत, काय बोलू?

ग्रुपवर वाद घालू नका, तिथे त्यांना माघार घेता येत नाही. एकटे असताना बोला, आणि ‘तुम्ही चुकता’ असं सुरू करू नका. “काका, हा मेसेज कुणी पाठवला?” एवढंच विचारा. मग त्यांच्याच आयुष्यातला माणूस आठवून द्या: गिरणीतला जोडीदार, आजारपणात रिक्षा घेऊन आलेला शेजारी, मागाला सूत उधार देणारा व्यापारी. त्या माणसाचं नाव घेऊन विचारा, हे त्यांच्याबद्दल खरं आहे का. बरेच काका इथे थांबतात. काही चिडतात, तेव्हा विषय सोडा आणि पुन्हा महिन्याभराने काढा. खोटा निघालेला व्हिडिओ असेल तर खरा कुठला होता तो त्यांना एकट्यालाच पाठवा. आणि त्या शेजाऱ्याच्या घरी ईदला किंवा दिवाळीला जाताना काकांना बरोबर घ्या. आधी नाही म्हणतील. गाडी काढून दारात उभी करा.